फोंडा: नव्या गाडीचं इंजिन वॉरंटीत उघडणार म्हणतात, सल्ला हवा

अंत्रुजकन्या
नमस्कार मंडळी. गाडी घेऊन अजून वर्ष व्हायचंय. टर्बो पेट्रोल, ऑन रोड साडेतेरा लाख, ११ हजार किमी झालेत, सर्व्हिस वेळेवर आणि शोरूमलाच. गेल्या आठवड्यात बेळगावला जाताना अनमोड घाट चढत होतो, मध्येच ऑइलचा लाल दिवा लागला आणि खालून ठक ठक आवाज सुरू झाला. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. टो करून वर्कशॉपला नेली. आता म्हणतात, क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा खालचा भाग) घालू, वॉरंटीत बसतं, तुम्हाला एक पैसा पडणार नाही. पार्ट यायला तीन-चार आठवडे.

हाफ इंजिनला हो म्हणू, की पूर्ण इंजिन मागू? की गाडीच बदलून मागायची? उघडण्यापूर्वी त्रयस्थ माणसाला दाखवायची तर गोव्यात कोण आहे? यासाठी १० हजारांपर्यंत खर्च करीन, त्यावर नाही, हप्ता चालू आहे. आणि लेखी काय काय घ्यायचं?

कंपनी विचारू नका, इथे लिहिणार नाही.

म्हापशेकार
कंपनी कोणती पण?

माझी २०११ ची साधी पेट्रोल. टर्बो नाही, बिर्बो नाही. चोर्ला, अनमोड, आंबोली सगळे घाट चढलीय, इंजिनला आजवर पाना लागलेला नाही. तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन, त्याला टर्बोने फुगवायचं आणि मग घाटात दिवा लागला म्हणून रडायचं. घेतानाच विचार करायला हवा होता ताई.

मांडवीतीर
काहीही सही करू नका!! एकदा इंजिन उघडलं की पुरावा गेला. सरळ वकिलाची नोटीस पाठवा आणि नवी गाडी मागा. चांगला वकील २५-३० हजार घेईल, पण साडेतेरा लाखांपुढे ते काय. माझ्या मेव्हण्याने असंच केलं होतं.

अंत्रुजकन्या
@मांडवीतीर, मेव्हण्यांना नवी गाडी मिळाली?

मांडवीतीर
केस चालू आहे.

ताळगावकर
पाणी गेलं असणार. मला अनुभव आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी पणजीत अठरा जून रस्त्यावर पाणी साचलेलं, पुढची रिक्षा गेली म्हणून मीही घातली. मध्येच बंद पडली आणि मी पुन्हा सेल्फ मारला. संपलं. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये, कनेक्टिंग रॉड वाकडा. कंपनी म्हणाली वॉरंटीत पाणी बसत नाही, विमावाला म्हणाला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलं नाहीत. लाखाच्या वर गेले. तेव्हा ताई, आधी पॉलिसी काढून बघा त्यात ते ॲड-ऑन आहे का.

अंत्रुजकन्या
दादा, फेब्रुवारीत अनमोड घाटात पाणी कुठलं? आणि वॉरंटीत करतो असं ते स्वतःच म्हणताहेत. अडलंय ते कसं करून घ्यायचं यावर.

ताळगावकर
तरी पॉलिसी बघा.

बांद्याहून
हे सगळं इथेनॉलचं. पूर्वी गोव्यात येऊन टाकी फुल्ल करून जायचो, स्वस्त पण आणि चांगलं पण. आता स्वस्तही तेवढं राहिलं नाही आणि इंजिनंही जातायत.

चोर्लाघाट
इथेनॉलने क्रँकचं बेअरिंग कसं जाईल ते समजावून सांगा. ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, ॲव्हरेज कमी होतं हे मान्य. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील खराब होतात हेही मान्य. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठीच बनवल्यात, आणि ताईंची तर कालपरवाची. बेअरिंगला पेट्रोल लागत नाही, तेल लागतं.

बांद्याहून
पेट्रोल रिंगमधून उतरून तेलात मिसळत नाही का? आणि तेल पातळ होत नाही? आम्ही काय रस्त्यावरचे?

चोर्लाघाट
थोडं मिसळतं, ते प्रत्येक पेट्रोल गाडीत मिसळतं. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

उसगावचा_मेस्त्री
बाये, वाद बाजूला ठेव आणि नीट वाच. २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत मी डंपरची इंजिनं उघडत होतो, नंतर छोट्या गाड्या. इंजिन ते इंजिन.

बेअरिंग म्हणजे रॉडच्या तळाशी दोन अर्धचंद्र पत्रे असतात. चांगला पत्रा राखाडी दिसतो. घासला की वरचा थर उडून खालचा तांब्याचा रंग दिसायला लागतो, आणि फारच गरम झालं तर क्रँकसुद्धा निळसर पडतो. जो थर उडतो तो जातो कुठे? तेलात. तेल जातं कुठे? सगळीकडे. फिल्टर पकडतो, पण तो तुंबला की बायपास उघडतो आणि चुरा पुढे सरकतो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्याचा दांडा त्याच तेलावर फिरतो. ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांत चुरा अडकून बसतो, कितीही धुतला तरी सगळा निघत नाही.

म्हणून हाफ की फुल्ल हा प्रश्न नंतरचा. पहिलं काम, तुझ्यासमोर जुना ऑइल फिल्टर कापून घे. कागदाच्या घड्या उघडून मोबाइलच्या उजेडात धर. चमचम दिसली की फोटो काढ, व्हिडिओ काढ. मग त्यांना सांग की टर्बो, ऑइल कूलर, ऑइल पंप हे सगळं बदलून हवं, नुसतं हाफ इंजिन चालणार नाही. नवीन हाफ इंजिनवर जुना चुरा बसलेला टर्बो लावला तर पुन्हा तीच कथा.

दुसरं, विचार की हाफ इंजिन कारखान्यातून बांधून येणार की सुटे भाग मागवून इथेच जोडणार. बांधून येतं त्यात बेअरिंगची जाडी क्रँकवरच्या खुणा बघून निवडलेली असते. इथे जोडणार असतील तर नको म्हण.

म्हापशेकार
मेस्त्रीकाकांनी लाखातलं सांगितलं. म्हणून मी म्हणतो टर्बो नको.

पर्वरीचा_प्यादा
वकील नाही, पण फ्रिजच्या भांडणात सगळं शिकलोय, म्हणून लिहितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार स्वतः करता येते, वकील लागलाच पाहिजे असं नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी फी ४०० रुपये. ताई, चारशे. तुमच्या दहा हजारांत बसतंय. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. आधी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवा, पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनीचा वरचा माणूस फोन करतो.

नवी गाडी मिळेल या भ्रमात मात्र राहू नका. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका क्लचच्या प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीत बिघडलेला भाग बदलून द्यायचा असतो, अख्खी गाडी नव्हे. दुरुस्त्या करूनही पुन्हा पुन्हा तेच होत राहिलं तर गोष्ट वेगळी, आणि तिथेच सगळे कागद लागतात. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. कायद्यात निकालाला ३ महिने, तपासणी असेल तर ५ महिने लिहिलेत. प्रत्यक्षात किती ते मांडवीतीर यांच्या मेव्हण्यांना विचारा.

तक्रार केलीच तर डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा. २०२१ मध्ये गोव्यातल्याच एका प्रकरणात डीलरने जुनी, चाललेली गाडी नवी म्हणून विकलेली. सुप्रीम कोर्टाने कंपनीला मोकळं सोडलं, कारण डीलरच्या कृत्याला कंपनी आपोआप जबाबदार होत नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तुमचा आयोग मडगावला.

मांडवीतीर
फोंडा उत्तर गोव्यात. पर्वरीला जावं लागेल.

पर्वरीचा_प्यादा
२०१५ पासून फोंडा तालुका दक्षिण गोव्यात आहे.

मांडवीतीर
लोकसभेला तर आम्ही

चोर्लाघाट
लोकसभा नको, प्लीज.

सासष्टीचो_भुरगो
मी पूर्ण इंजिन घेतलं होतं. कंपनीला टॅग करून रोज एक व्हिडिओ टाकायचो, मागे आवाज, पुढे माझा चेहरा. एरिया मॅनेजर घरी आला. घरी! फुल्ल इंजिन, वर दोन वर्षांची जादा वॉरंटी फुकट. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम. हाफ घेणारे हाफच राहतात.

उसगावचा_मेस्त्री
तुला फुल्ल इंजिन मिळालं, टर्बो नवा मिळाला का?

सासष्टीचो_भुरगो
बघितलं नाही पात्रांव. बॉनेट मी उघडत नाही.

कुंकळ्ळीची_वैनी
लेखी घ्यायचं यात सगळे तेच तेच सांगताहेत, पण एक राहिलं. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलू शकतो. तो आरसीवर आणि विम्यावर चढवला नाही तर पुढे विकताना, क्लेम करताना, कुठेही अडकाल. माझ्या दिरांचं अडकलं, आरटीओच्या फेऱ्या मारून चपला झिजल्या. वर्कशॉपकडून जुना नंबर, नवा नंबर आणि कारण असं लेटरहेडवर घ्या, सोबत नव्या ब्लॉकचं बिल, शून्य रुपयांचं असलं तरी. गाडीवर कर्ज आहे तर बँकेलाही कळवा.

जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या. ते "जनरल चेकअप" लिहितात. "घाटात ऑइलचा दिवा, खालून आवाज, इंजिन लगेच बंद केलं" असं लिहायला लावा. आणि बदललेल्या भागांना किती वॉरंटी ते विचारा. बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटीची जेवढी मुदत उरली तेवढीच मिळते, नव्याने सुरू होत नाही.

ताळगावकर
जॉब कार्डचं मीच सांगणार होतो.

बांद्याहून
त्रयस्थ तपासणीला विम्याचे परवानाधारक मोटार सर्व्हेयर असतात, त्यातला एखादा खासगीत रिपोर्ट देतो. किंवा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला विचारून बघा, तुमच्या घराजवळच. पेट्रोलचं मात्र मी म्हणतो तेच खरं.

म्हापशेकार
दुरुस्त करून घ्या आणि विकून टाका. एकदा उघडलेलं इंजिन ते उघडलेलंच. त्यापेक्षा साधी पेट्रोल घ्या, किंवा आता इलेक्ट्रिक. इंजिनच नाही तर बिघडणार काय!

सासष्टीचो_भुरगो
विकणार असाल तर मला मेसेज करा. हाफ किमतीत.

अंत्रुजकन्या
सगळ्यांचे आभार. आज वर्कशॉपला जाऊन आले.

फिल्टर समोर कापायला सुरुवातीला नाहीच म्हणत होते, "कंपनीची परवानगी लागते" वगैरे. मी हलले नाही, तिथेच बसून राहिले. शेवटी फोरमनने कापला. काकांनी लिहिलेलं तस्संच, घड्यांमध्ये कोणी चमकी टाकावी तसं. व्हिडिओ आहे माझ्याकडे. त्यानंतर त्यांचा सूर बदलला. ऑइल कूलर आणि पंप बदलायचं कबूल केलंय. टर्बो बदलत नाहीत. खोलून तपासणार, दांड्याला खेळ (ढिलेपणा) नसेल तर तोच लावणार, आणि तपासून ठीक असल्याचं जॉब कार्डवर लिहून सही देणार. हाफ इंजिन कारखान्यातून बांधून येतंय, त्याचा मेल मागून घेतला. इंजिन नंबरचं पत्र देणार आहेत.

मी हो म्हटलं. केस करत नाही, १९१५ वर फोनही आता करत नाही. पूर्ण इंजिनला किती महिने लागतील ते कोणी सांगेना, आणि मला रोज वेर्ण्याला जायचंय. सर्व्हेयरला विचारलं होतं, त्याने सांगितले ते पैसे परवडणारे होते, पण तेच १० हजार भाड्याच्या गाडीत घालतेय. गाडी विकणार नाही. जादा वॉरंटीचं पहिली संपत आली की बघीन.

मांडवीतीर
झालं! एवढं लिहून काय उपयोग? पुरावा स्वतःच्या हाताने घालवलात.

पर्वरीचा_प्यादा
व्हिडिओ आणि सही केलेलं जॉब कार्ड असेल तर फारसं गेलं नाही. २ वर्षं लक्षात ठेवा. जादा वॉरंटी मात्र आत्ताच घ्या, नंतर महाग पडते.

उसगावचा_मेस्त्री
टर्बोचं मला पटलं नाही. नुसता खेळ बघून काय कळतं? आतल्या तेलाच्या वाटेत चुरा असला तर तो काही आज दिसणार नाही. त्या वाटा धुऊन वाऱ्याने मारायला तरी सांग. टर्बोला तेल नेणारी नळी नवीच घालायला लाव, फार किमतीची नसते, नाही म्हणणार नाहीत. गाडी मिळाली की हजार किमीला तेल आणि फिल्टर बदल, कंपनीचं वेळापत्रक काही का म्हणेना. तोही फिल्टर कापून घे आणि फोटो इथे टाक.

अंत्रुजकन्या
नळीचं उद्या सकाळीच सांगते काका.

म्हापशेकार
भाड्याची कुठून घेतली? महिन्याचा रेट काय? काळ्या पाटीचीच घ्या हां, कुणाची घरची पांढऱ्या पाटीची घ्याल तर आरटीओ धरतो.

सासष्टीचो_भुरगो
पांढरी पाटी माझ्याकडे आहे, स्वस्तात देतो.

म्हापशेकार
कंपनी कोणती?