स्टेजवर क्लिप-ऑन ट्यूनर पुरतो का, का पेडल घ्यावंच लागतं?

अर्धीतार:
नमस्कार मंडळी. चौघांचा बँड आहे आमचा, ड्रम, बेस, कीबोर्ड आणि मी गिटार आणि थोडंफार गाणं. आत्तापर्यंत क्लिप-ऑन ट्यूनरवरच (गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावायचा तो) भागवलंय, घरी एकदम मस्त चालतो, पण परवाच्या शोला पार वाट लागली. तिसऱ्या गाण्यानंतर बी तार उतरल्यासारखी वाटली म्हणून ट्यून करायला घेतली तर ड्रमर आपला किक हाणतोय, बेसवाला पुढच्या गाण्याची ओळ आठवत बसलाय, आणि ट्यूनरवर कधी ई येतोय कधी जी, सुई एका जागी थांबेचना. वर माझं टिंग टिंग सगळं स्पीकरमधून बाहेर जातंय, लोक बघतायत, मी घामाघूम. शेवटी अंदाजाने लावली आणि पुढे गेलो.

अजून एक, कीबोर्डवाला म्हणतो तू पहिल्या गाण्यापासूनच कणसूर होतास, एक तार नाही, सगळी गिटारच. पण आत बसून सहाही तारा ट्यूनरवर हिरवा दिवा बघून लावल्या होत्या हो मी. एकटी वाजवली की बरोबर वाटते, कीबोर्डबरोबर घाण.

तर पायाने दाबायचं ट्यूनर पेडल घ्यावंच का? आणि ते ट्रू बायपास, बफर, पॉलिफोनिक, स्ट्रोब वगैरे कितपत मनावर घ्यायचं? माझ्याकडे एक ओव्हरड्राइव्ह आणि एक डिले, एवढीच दोन इफेक्ट पेडलं.

केबलगुंडाळ्या:
मी साउंड करतो, त्यामुळे माझं मत जरा स्वार्थी आहे. घ्याच. ट्यूनिंग राहू दे बाजूला, म्यूटसाठी घ्या. पाय ठेवला की आवाज बंद, ट्यून करा, परत पाय ठेवला की चालू. तुमचं टिंग टिंग लोकांना ऐकू जात नाही आणि गिटार बदलताना जॅक उपसल्यावर जो धाडकन आवाज होतो ना, ज्याने स्पीकरचं आणि माझ्या कानांचं एकदमच वाटोळं होतं, तोही वाचतो. कितीतरी जण अजून व्हॉल्यूम शून्यावर न आणताच जॅक ओढतात, हात जोडून सांगतो, नका करू.

क्लिप-ऑनचं काय झालं तेही सांगतो. त्याच्या चिमट्यात पिझो असतो, तो लाकडाची थरथर ओळखतो, आवाज हवेतून ऐकत नाही. घरी थरथर फक्त तुमच्या तारेची. स्टेजवर फळ्या हलतायत, बेसचा अॅम्प शेजारी घुमतोय, ते सगळं गिटारच्या लाकडात उतरतं आणि बिचाऱ्या ट्यूनरला कळत नाही कुणाचं ऐकायचं. पेडलला केबलमधून फक्त तुमच्या पिकअपचा (तारांखालच्या चुंबकाचा) सिग्नल जातो, बाजूला ड्रमर काही का करेना.

बफर-बायपासवर लोक भांडतात तेवढं त्यात काही नाही. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सरळ पुढे जातो, बफर म्हणजे सिग्नलला जोर देणारं सर्किट. केबल लांब असली की वरचा चमकदार आवाज थोडा थोडा मरत जातो, बफर असेल तर तो टिकतो. तीन पेडलं आणि साध्या लांबीच्या दोन केबली, तुम्हाला फरक कळणारही नाही. बॉसचा टीयू-२ १९९८ साली आला, नंतरचा टीयू-३, दोन्ही बफरवाले, आणि किती बोर्डांवर दिसतात ते तुम्हीच बघा. साखळीत ट्यूनर सगळ्यात पहिला ठेवा. ओव्हरड्राइव्ह किंवा डिलेच्या नंतर ठेवलात तर त्याला चिखल ऐकू येणार. अॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह, बहुतेक पेडलांना हाच लागतो तरी पेडलवर छापलेलं एकदा वाचा.

चारतारी:
तुमच्या बेसवाल्याच्या वतीने माफी मागतो 😄 आम्हाला दोन गाण्यांच्या मधे शांत बसवत नाही.

पण एक बघा, अख्खी गिटार सारखीच कणसूर म्हणजे तारांचा दोष नाही. ट्यूनरचं कॅलिब्रेशन बघा. ए ४४० असायला पाहिजे, म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झला धरलेला.

खुंटीपिळ्या:
पेडल घ्या नाहीतर नका घेऊ, आधी ट्यून करायची पद्धत सुधारा, कारण महागातला ट्यूनर घेऊनही लोक बेसूर वाजवतात, मी स्वतः कित्येक वर्षं वाजवलंय.

तार जोरात छेडू नका. जोरात छेडली की पहिल्या क्षणाला सूर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो, तुम्ही त्या चढ्या क्षणावर लावलीत की तार उतरलेलीच राहणार. हलक्या हाताने छेडायची, थांबायचं, सुई बसू द्यायची. इलेक्ट्रिक असेल तर नेक पिकअपवर जा आणि टोनचं बटण खाली करा, ट्यूनरला स्वच्छ सूर मिळतो. सुई फारच नाचत असेल तर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक मारून बघा, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडा.

आणि नेहमी खालून वर. तार चढली असेल तर सरळ उतरवत बरोबर सुरावर आणून सोडायची नाही, सुराच्या खाली न्यायची आणि मग चढवत आणायची. खुंटीच्या दातांमधे आणि नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत थोडी ढील राहते, उतरवत आणलेली तार पहिल्या बेंडला ती ढील खाते आणि तुम्ही म्हणता ट्यूनर बोगस. पिळताना नटपाशी टिक् असा बारीक आवाज आला तर तार खाचेत अडकतेय. मी तार बदलताना खाचेत साध्या पेन्सिलचं शिसं घासतो, फुकटात काम होतं.

तारा शोच्या दिवशी बदलत असाल तर बोटांनी ओढून ओढून ताणा, ट्यून करा, परत ताणा, खाली यायच्या थांबेपर्यंत. आणि स्टेजवरचे दिवे तापले की तारा गरम होऊन उतरतात, त्यामुळे आत थंडगार खोलीत लावलेली गिटार बाहेर तशीच राहील ही आशाच सोडा. दिव्यांखाली येऊन पाच मिनिटं झाली की परत एकदा लावायची.

फोर्कवाले_काका:
आमच्या वेळी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटायचा, दांडी दातात धरायची, की सूर थेट डोक्यात, आणि दोन्ही हात मोकळे. आजूबाजूला कितीही गोंगाट असो. हसू नका, करून बघा.

ट्यूनर वाईट म्हणत नाही मी. पण हिरव्या दिव्याच्या नादात लोक ऐकायचं विसरलेत. आणि उलट बाजूही आहे, कानावर फार विसंबणारेही फसतात. ई मेजर वाजवा, त्यातला जी शार्प, म्हणजे जी तारेचा पहिला फ्रेट, जरा बोचतो. कारण फ्रेट ज्या हिशोबाने बसवलेत त्यात तो शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा आहे, आणि १०० सेंट म्हणजे एक फ्रेट. मग कानाला गोड लागावं म्हणून पोरं जी तार किंचित उतरवतात. ई मेजर झकास. पुढच्या गाण्यात जी मेजर आला की त्याच तारेवर रडगाणं सुरू. मी हे पाच वर्षं केलं आणि पाच वर्षं गिटारलाच शिव्या घातल्या.

केबलगुंडाळ्या:
काका फोर्क दातात धरून गाणार कसं 😂 बाकी जी तारेचं अगदी खरं.

पॉलिफोनिकचं राहिलं सांगायचं. २०१० मधे टीसी इलेक्ट्रॉनिकचा पॉलिट्यून आला, सहाही तारा एकदम छेडायच्या आणि कुठली बिघडलीय ती दिसते. दोन गाण्यांमधे दहा सेकंद असतील तेव्हा फार कामाचं, पण बारीक लावायचं असेल तर शेवटी एक एक तारच घ्यावी लागते. स्ट्रोबवाले, म्हणजे सुईऐवजी सरकत्या पट्ट्या दाखवणारे, पीटरसन कंपनीचे वगैरे, ०.१ सेंटपर्यंत अचूक म्हणतात, इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर येणं) सेट करायला मस्त, स्टेजवर मात्र तुमच्या बोटाच्या दाबानेच त्याहून जास्त फरक पडतो. मी असतो तर आधी बघितलं असतं की उन्हात दिवे दिसतात का आणि अंधारात त्या बटणावर पाय नीट पडतो का. संध्याकाळच्या ओपन एअर शोला समोरून ऊन आलं की निम्म्या पेडलांचे दिवे विझल्यासारखे दिसतात.

अर्धीतार:
चारतारी भाऊ, पाय कुठेत तुमचे. क्लिप-ऑन काढून बघितला, कोपऱ्यात बारीक अक्षरात ४३६!! बॅगेत केबलींखाली दाबला जाऊन बटण दाबलं गेलं असणार. ४३६ म्हणजे किती फरक पडतो पण?

चारतारी:
साधारण १६ सेंट खाली. एकट्याने वाजवताना अजिबात कळणार नाही कारण सगळ्या तारा आपसात बरोबर असतात, कीबोर्ड ४४० वर ठाम आहे म्हणून तिथे उघडं पडलं. पेडलवर पण हे बटण असतं बरं का, आणि काहींवर अर्धा सूर उतरवून लावायचा मोड असतो, तो चुकून लागला की अजून मजा. शोच्या आधी कीबोर्डवाल्याला एक ए दाबून धरायला सांगायचा आणि पाचवी तार त्याच्याशी जुळवून बघायची.

अर्धीतार:
कीबोर्डवाल्याला अजून सांगितलेलं नाही 🙈 पेडल घेतोय, म्यूटसाठी. क्लिप-ऑन अकूस्टिकला ठेवतो. शेवटचं एक, पुढेमागे व्हॉल्यूम पेडल घेतला तर ट्यूनर त्याच्या आधी का नंतर?

केबलगुंडाळ्या:
आधी. नंतर ठेवलात तर व्हॉल्यूम खाली असताना ट्यूनरला काहीच ऐकू येणार नाही. काही व्हॉल्यूम पेडलांना ट्यूनरसाठी वेगळं आउट असतं, ते वापरलं तर ट्यूनर बाजूला चालूच राहतो, पण मग म्यूट व्हॉल्यूम पेडलनेच करायचं, टाच पूर्ण खाली.