मुख्य रस्त्याचा हिरवा दिवा वाढवून मागायचा का?

चौकाजवळ (धागाकर्ता)

आमच्या मुख्य रस्त्यावर ओळीने तीन सिग्नल आहेत. त्यातल्या मधल्या चौकाने सगळ्यांना जेरीस आणलंय. सकाळ-संध्याकाळ रांग मागच्या चौकाला जाऊन भिडते, एका हिरव्यात सुटका होत नाही, दोन-दोन लाल दिवे बसून काढावे लागतात. आणि संताप कशाचा, तर आपण खोळंबलेले असताना आडव्या रस्त्याला हिरवा चालू असतो आणि तिकडून चिटपाखरू येत नाही. तिथून कसेबसे सुटलो की पुढचा सिग्नल नेमका लाल.

रहिवाशांनी मिळून वाहतूक विभागाला अर्ज द्यायचं ठरलंय. मसुद्यात तीन मागण्या आहेत: मुख्य रस्त्याचा हिरवा वाढवा, आडव्याचा कमी करा आणि तिन्ही सिग्नल एकमेकांशी जुळवा. पण सह्या गोळा करतानाच दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. विरोध असेल तर कारण लिहा. "काही उपयोग होणार नाही" एवढंच नको.

गल्लीकर

विरोध. कारण असं की तुमच्या त्या चिटपाखरू नसलेल्या आडव्या रस्त्यावर आम्ही राहतो.

आम्हाला हिरवा मिळतो जेमतेम. पहिल्या पाच-सहा गाड्या निघतात, सातव्याच्या वेळी पिवळा. मध्येच चार सेकंद कुणी आलं नाही की तुम्हाला रस्ता रिकामा दिसतो, कारण तुम्ही लाल दिव्यात बसून दुसरीकडे बघत असता. आमची रांग तुम्हाला दिसत नाही, ती वळणाआड असते. मुख्य रस्त्याला दिलेला प्रत्येक सेकंद कुणाच्या तरी वाट्यातूनच जाणार. तो कुणाच्या, हे अर्जात लिहिलंय का?

पायी पायी

गल्लीकरांना अनुमोदन, पण माझं कारण वेगळं आहे. आडव्या रस्त्याला हिरवा असतो तेव्हा मुख्य रस्ता कोण ओलांडतं? आम्ही, चालणारे. त्या वेळात गाडी आली नाही म्हणजे हिरवा वाया गेला असं होत नाही.

हिशेब सोपा आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. रस्ता २१ मीटर रुंद असेल तर ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात. पाऊल उचलायला लागणारे दोन-चार सेकंद वेगळेच. काठी टेकत जाणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटरने चालला तर २६ सेकंद. आता "आडव्याचा कमी करा" म्हणजे नेमकं किती कमी? त्या आजोबांनी मध्यावर थांबून काय करायचं?

चौकाजवळ

@पायी पायी, मुद्दा रास्त आहे, पण चोवीस तास लागू होत नाही. दुपारी तीनला ना चालणारा असतो ना गाडी, तरी घड्याळ आपलं तेवढेच सेकंद मोजतं. ओलांडणाऱ्यासाठी बटण द्या. कुणी दाबलं तर पूर्ण वेळ, नाही दाबलं तर कमी.

पायी पायी

बटण चालू असेल तर. आणि दाबणाऱ्याला दीड मिनिट तिष्ठत ठेवणार असाल तर तो बटण दाबून गाड्यांमधून पळत सुटतो. मग गाड्या थांबतात त्या रिकाम्या झेब्रापाशी, आणि शिव्या पुन्हा आम्हालाच.

हिशेबी

दोन्ही बाजू सेकंदांवरून भांडताहेत, पण चक्र (एका हिरव्याच्या सुरुवातीपासून त्याच बाजूच्या पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ) एकूण किती सेकंदांचं आहे हे कुणीच सांगितलेलं नाही. सगळी गोम तिथेच आहे.

प्रत्येक फेज, म्हणजे एका बाजूच्या हिरव्याची पाळी, बदलताना काही सेकंद कुणाच्याच कामी येत नाहीत. हिरवा झाल्यावर पहिला चालक हलेपर्यंत थोडा वेळ, पिवळ्याचा शेवट, मग सगळ्या बाजूंना लाल. फेजमागे साधारण ४ सेकंद धरा. चार फेजचा चौक असेल तर प्रत्येक चक्रात १६ सेकंद बुडीत. चक्र ६० सेकंदांचं असेल तर हाती उरतात ४४, म्हणजे ७३ टक्के. १२० चं केलं तर ८७ टक्के. १८० चं केलं तर ९१. म्हणजे पहिल्या वाढीत १४ टक्क्यांची कमाई आणि दुसऱ्या वाढीत फक्त ४. त्या चारांसाठी आडव्या रस्त्यावरच्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी आणखी एक मिनिट उभं राहायचं. १८० च्या चक्रात ओलांडायला सुरुवात करण्यासाठी १५ सेकंदांची मुभा असेल, तर ज्याची ती थोडक्यात हुकली त्याला पावणेतीन मिनिटं थांबावं लागेल. तो थांबणार नाही, आणि मला त्याला दोषही देता येत नाही.

शिवाय ते ९१ टक्के कागदावरचे. रांग वाहती असते तेव्हा एका लेनमधून दर दोन सेकंदांना एक गाडी सुटते. ३० सेकंदांच्या हिरव्यात लेनमागे सुमारे चौदा. पण हिरवा फार लांबवला की साठलेली रांग संपते आणि शेवटी तुरळक गाड्या निघत राहतात. तिकडे लाल दिव्याला मात्र रांग वाढत असते.

ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये चक्र किती असावं याचं सूत्र दिलं: बुडीत सेकंदांची दीडपट, अधिक ५, भागिले (१ वजा चौकावरचा भार). भार म्हणजे सगळ्या फेजमधल्या गाड्या सोडायला तासाचा किती हिस्सा खरोखर हिरवा लागतो तो. १६ सेकंद बुडीत धरून भार ०.६ असेल तर चक्र येतं सुमारे ७२ सेकंद. ०.८ ला १४५. आणि ०.९५ ला ५८०! पावणेदहा मिनिटांचं चक्र कुणी लावत नाही. तिथे सूत्र एवढंच सांगतं की दिव्याचं काम संपलं.

म्हणून धागाकर्त्यांना प्रश्न: तुमचा चौक ०.६ चा आहे की ०.९५ चा? ते मोजल्याशिवाय "हिरवा वाढवा" म्हणणं म्हणजे आजार न बघता गोळी दुप्पट करणं.

रोखठोक

झालं! आता सूत्रं आली.

साधी गोष्ट आहे, गाड्या जास्त आहेत आणि रस्ता तेवढाच आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की गर्दीच्या वेळी शहरातल्या द्रुतगती मार्गाची क्षमता वाढवली की गाड्याही तेवढ्याच वाढतात आणि कोंडी परत येते. तुम्ही सिग्नल सुधारा, आज जे कोंडीला घाबरून दुसऱ्या रस्त्याने जातात ते उद्या इकडे येतील. काही महिन्यांत पुन्हा हाच धागा.

माझ्या मते एकच उपाय: गर्दीच्या दोन वेळांना चौकात पोलीस उभा करा. माणूस बघून सोडतो, घड्याळ बघून नाही.

हिशेबी

डाउन्स द्रुतगती मार्गांबद्दल लिहीत होते. आडव्या रस्त्याच्या रिकाम्या सेकंदांतले पाच मुख्य रस्त्याला दिल्याने नवी लेन बांधली जात नाही. थोडी गर्दी परत येईल, मान्य. पण दुपारी तीनला आणि रात्री दहाला होणारा फुकटचा खोळंबा? तिथे कुणी नव्याने येत नाही, आहे त्यांचीच सुटका होते.

आणि पोलिसाबद्दल: तो त्याला दिसतं तेवढंच सोडतो. समोरची रांग मोठी दिसली की तिला दोन-तीन मिनिटं मोकळी सोडतो, सगळे खूश. तो लोंढा पुढच्या चौकात जाऊन आदळतो. थांबलेली गाडी पुढच्या अंतरासकट साधारण सात मीटर जागा खाते, म्हणजे दोन चौकांत शंभर मीटर असतील तर लेनमागे चौदा-पंधरा गाड्यांत जागा भरली. सोळावी चौकाच्या पोटात उभी राहते आणि आडवा रस्ताही बंद पडतो. गाडी बंद पडली किंवा अॅम्ब्युलन्स अडकली तर माणूसच हवा, यात वाद नाही. रोजच्या कामाला नको.

उजवं वळण

तुमचं सगळ्यांचं चाललंय आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सिग्नल बाजूला ठेवा आणि एकदा रांग बघा. मधल्या चौकात उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी जागा आहे का? बहुतेक चौकांत असते ती दोन-तीन गाड्यांपुरती. चौथी सरळ जाणाऱ्यांच्या लेनमध्ये उभी राहते. सरळवाल्यांना हिरवा आहे पण समोर उजवीवाला ठाण मांडून बसलाय. मग डावीकडून घुसणं, हॉर्न, आणि दर दोन सेकंदांना एक गाडी हे गणित गेलं पाण्यात.

दुसरं, चौक ओलांडल्याबरोबर बसथांबा असेल तर बस थांबली की एक लेन गेली. हिरवा ३० वरून ५० करा, पुढे निघायला जागाच नसेल तर जादाचे २० सेकंद फक्त बघायला मिळतील. थांबा चौकापासून लांब न्यायचा आणि वळणाची पट्टी लांबवायची. हे रंगाने आणि फलकाने होतं. माझ्या मते अर्जात पहिली मागणी हीच हवी, सिग्नलची नंतर.

चौकाजवळ

@उजवं वळण, वळणाची पट्टी अर्जात टाकतो. थांबा हलवायला माझा विरोध आहे. बस लांब उभी करायची म्हणजे बसने जाणाऱ्याला चालवायचं, गाडीवाल्याची सोय व्हावी म्हणून. गर्दी कमी करतोय तो बसवालाच.

@रोखठोक, तुमच्या हिशेबाने दिवा दुरुस्त करून उपयोग नाही आणि रस्ता वाढवूनही नाही. मग अर्ज न देणं हाच उपाय उरतो. तो तर आम्ही इतकी वर्षं करतच आलोय.

आणि मूळ धाग्यातल्या तिसऱ्या मागणीवर कुणीच बोललेलं नाही. तीन सिग्नल जुळवण्यात कुणाचं काय जातं?

हिशेबी

जातं थोडं, पण ती मागणी सगळ्यांत भक्कम आहे. आधी एक तपासा. कधी तिन्ही हिरवे मिळतात आणि कधी तिन्ही लाल, असं होतं का? होत असेल तर तिन्हींची चक्रं वेगवेगळी असण्याची दाट शक्यता आहे. एक ९० सेकंदांचा आणि दुसरा १०० चा असला तर ते ९०० सेकंदांनी, म्हणजे पंधरा मिनिटांनी एकदा जुळतात आणि लगेच सुटत जातात. असे दिवे कितीही "जुळवले" तरी जुळत नाहीत. चक्र समान हवं, किंवा एकाचं दुसऱ्याच्या बरोबर निम्मं. आणि सिग्नल चालवणाऱ्या प्रत्येक पेटीचं घड्याळ स्वतंत्र चालत असेल तर ते हळूहळू सरकतं. वीज गेली आणि पेटी नव्याने सुरू झाली की आधीची जुळणी गेली. म्हणून जुळवणी एकदा करून भागत नाही, घड्याळं एकत्र बांधावी लागतात.

हे घरबसल्या नाही पण फुटपाथवर उभं राहून कुणालाही मोजता येतं. फोनमधलं स्टॉपवॉच घ्या, एका हिरव्याच्या सुरुवातीपासून पुढच्या हिरव्याच्या सुरुवातीपर्यंत. तिन्ही चौकांत, सकाळी आणि दुपारी. सकाळी आणि दुपारी आकडा तोच आला तर दिवसभर एकच योजना चालू आहे, हेही त्यातच कळेल.

गल्लीकर

आणि जुळवणीत जे "थोडं जातं" ते कुणाचं?

हिशेबी

उलट्या दिशेने येणाऱ्यांचं. दोन चौकांत ४०० मीटर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरला, तर पुढचा दिवा ४० सेकंद उशिरा हिरवा करायचा. जाणाऱ्यांना सलग वाट मिळते. समोरून येणाऱ्यांनाही ती हवी असेल तर जायचे ४० आणि यायचे ४० मिळून चक्रात बरोबर बसायला हवेत, म्हणजे चक्र ८० चं. १२० चं ठेवलं तर येणारा लोंढा ४० सेकंद आधीच पोचतो आणि लाल बघतो. सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी घराकडे असा ओढा असेल तर दोन वेळांना दोन योजना लावतात.

तुमच्या गल्लीला याचा फटका बसेलच असं नाही. उलट चक्र १२० वरून ८० वर आलं तर तुमचा हिरवा लवकर फिरून येतो. सेकंद कमी, फेऱ्या जास्त.

रोखठोक

परदेशात कॅमेरे बघून दिवा स्वतः ठरवतो. अमेरिकेत पिट्सबर्गला २०१२ मध्ये तसं केलं आणि प्रवासाचा वेळ सुमारे पाव हिश्शाने कमी झाला म्हणतात. मागायचंच तर ते मागा, हे स्टॉपवॉच काय घेऊन बसलात.

उजवं वळण

तुम्हीच वर म्हणालात ना, काही महिन्यांत पुन्हा हाच धागा? तिथे नाही निघाला वाटतं!

पिट्सबर्गचा तो प्रयोग नऊ चौकांवरचा होता, आणि गाड्या मोजायची सोय होती म्हणून चालला. ज्या चौकात बटण दाबल्यावर काही होत नाही तिथे कॅमेरा लावला तरी तो पुसणार कोण? आधी आहे ते घड्याळ नीट लावून घ्या. त्याला खोदकाम लागत नाही, निविदा लागत नाही, म्हणून "निधी उपलब्ध नाही" असं उत्तरही देता येत नाही.

रात्रपाळी

मध्येच घुसतो. रात्री बारानंतर पिवळा लुकलुकता ठेवा, ही मागणीही घाला. रिकाम्या चौकात लाल दिव्याला एकटं उभं राहणं म्हणजे शिक्षा.

पायी पायी

अजिबात नाही. रात्री रस्ता रिकामा म्हणूनच गाड्या सुसाट असतात. लुकलुकत्या पिवळ्याला कोण थांबतं?

चौकाजवळ

रात्रीचं या अर्जात नको, वेगळा धागा काढा.

बदललेला मसुदा असा: एक, तिन्ही चौकांतली वाहनं आणि पादचारी वेळेनुसार मोजावेत आणि आकडे रहिवाशांना दाखवावेत. दोन, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेगळ्या योजना आणि तिन्ही चौकांना समान चक्र. तीन, उजव्या वळणाची पट्टी लांबवावी. संध्याकाळी मुख्य रस्त्याला जादा हिरवा ही मागणी मी ठेवतोय, कारण संध्याकाळची रांग डोळ्यांना दिसते, तिला सूत्र लागत नाही. चक्रांचे आकडे आम्ही मोजून जोडू.

गल्लीकर

त्या शेवटच्या मागणीसकट माझी सही मिळणार नाही. मिळेल एका अटीवर: आडव्या रस्त्याचा हिरवा अमुक सेकंदांच्या खाली जाणार नाही, असं आकड्यात लिहा. "योग्य तेवढा" वगैरे शब्द नकोत.

पायी पायी

आकडा रस्त्याच्या रुंदीवरून काढा, सेकंदाला ०.८ मीटरने. १.२ ने नाही.

चौकाजवळ

०.८ ने काढला तर संध्याकाळी मुख्य रस्त्याला द्यायला काही उरतच नाही. मधोमध थांबायला दुभाजकाची जागा मागू, मग ओलांडणं दोन टप्प्यांत होईल.

पायी पायी

दोन टप्पे म्हणजे दोनदा थांबणं. दुभाजकावर व्हीलचेअर मावेल एवढी जागा असेल तर बोलू. रुंदी मोजायला मी येतो, टेप माझ्याकडे आहे.