सीनाकाठचा मातीचा बांध फुटला, केटी वेअरचा खांदा गेला: पैसा कुठल्या खात्यातून आणि पुढची देखभाल कुणाकडे?

सीनाकाठ

मोहोळ तालुका, सीनेच्या काठचं गाव. गावठाण आणि नदी यांच्या मधे जुना मातीचा बांध आहे. लांबी ३०० मीटर, माथा ३ मीटर, उंची सरासरी ३ मीटर, दोन्ही अंगांना अंदाजे २:१ उतार (आडवं २, उभं १). सप्टेंबर २०२५ च्या पुरात मधला ४० मीटरचा तुकडा वाहून गेला. उरलेल्या भागावर वेड्या बाभळीचं रान माजलंय. अर्धा किलोमीटर खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा (केटी वेअर) आहे. काँक्रीट शाबूत आहे, पण एका बाजूचा मातीचा खांदा २० मीटर तुटला आणि नदीनं बाजूनं वाट काढली.

बांध कधी, कुठल्या योजनेतून झाला याचा कागद ग्रामपंचायतीत सापडत नाही. विचारायचंय एवढंच: दुरुस्तीचा पैसा कुठल्या शीर्षातून मागायचा? काम कसं करून घ्यायचं म्हणजे पुढच्या पुरात तिथंच फुटणार नाही? आणि दरसाल लागणारा खर्च कुणी करायचा?

जुना_ओव्हरसियर

भाऊ, पैशाआधी मालकी. ज्या बांधाची कुठल्याच नोंदवहीत नोंद नाही त्याला दुरुस्तीचा निधी एखाद वेळेस मिळतो, देखभालीचा कधीच मिळत नाही, कारण देखभालीची तरतूद नोंदीवरच्या मालमत्तेला होते.

तुमची दोन कामं आहेत आणि दोन्हींचे मालक बहुतेक वेगळे निघतील. सीनेवरचे मोठे केटी वेअर जलसंपदा विभागाचे. ओढ्यावरचे छोटे, १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधाऱ्याकडे. त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारणकडे. बंधाऱ्याची सिंचनक्षमता शोधा, मालक आपोआप कळतो.

बांधाचं जरा अवघड आहे. नदीचं पात्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं. बांध गावठाणाच्या किंवा गायरानाच्या जमिनीवर असेल तर ग्रामपंचायतीनं ठराव करून नमुना २२ मध्ये, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, घ्यावा. खासगी गटातून जात असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी आणि त्या खातेदारांची लेखी संमती. नाहीतर टिपर शेतात उतरला की काम थांबतं.

पंचनामा कुणी केलाय ते बघा. घरं, पिकं, जनावरं यांचे पंचनामे होतात आणि बांध राहून जातो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या सह्यांनी 'सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान' असा स्वतंत्र पंचनामा हवा. सोबत फुटलेल्या जागेची लांबी, खोली, तारीख असलेले फोटो. शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवरची पूरखूण रंगानं पक्की करून ठेवा. पुढं बांधाची उंची ठरवताना तोच आकडा कामाला येतो.

लेखाशीर्ष

पैशाचे मार्ग सांगतो. कुठल्या मार्गात काय अडतं तेही सांगतो, कारण बहुतेक प्रस्ताव चुकीच्या दारात जातात.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. केंद्र ७५, राज्य २५ टक्के. यातून फुटलेला बांध तातडीनं पूर्ववत करण्यापुरता पैसा मिळू शकतो. 'पूर्ववत' हा शब्द नीट वाचा. उंची वाढवणं, दगडी पिचिंग (उतारावर दगडांचं अस्तर), नवीन भिंत यात बसत नाही. अंदाजपत्रकात एक जादा बाब घुसवली की अख्खा प्रस्ताव परत येतो.

आपत्ती सौम्यीकरण निधी, म्हणजे धोका आधीच कमी करण्यासाठीचा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी आपत्तीच्या रकमेचे भाग पाडले: मदत ४० टक्के, पुनर्बांधणी ३०, पूर्वतयारी १०, आणि सौम्यीकरण २०. बांध मजबूत करणं, काठ धरून ठेवणं ही कामं त्या शेवटच्या २० टक्क्यांतली. पण इथं नुसता अर्ज चालत नाही. किती घरं, किती हेक्टर वाचणार याचं गणित लागतं.

जिल्हा वार्षिक योजना. त्यात 'पाटबंधारे व पूरनियंत्रण' असं स्वतंत्र क्षेत्र आहे. सोलापूर दुष्काळी जिल्हा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष 'पाटबंधारे'वर आणि 'पूरनियंत्रण' नावापुरतं. मागणी मालक खात्याच्या कार्यकारी अभियंत्यामार्फत गेली पाहिजे. नुसतं पालकमंत्र्यांना निवेदन देऊन फोटो छापून येतो, प्रशासकीय मान्यता येत नाही.

वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा निधी. पंधराव्या आयोगात (२०२१ ते २०२६) ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेला. ४० टक्के अबंधित. ४० मीटरचा बांध यातून उभा राहणार नाही, पण दरसालची देखभाल इथूनच भागवायची. अट एक: काम ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेलं पाहिजे. नसेल तर ग्रामसभेत पुरवणी आराखडा मंजूर करून घ्या, नाहीतर पैसा खात्यात असून देयक निघत नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या राज्य पॅकेजमधलं खरडलेल्या जमिनीचं हेक्टरी ४७ हजार, रोहयोतून ३ लाख आणि विहिरीचे ३० हजार हे शेतकऱ्याच्या नुकसानीसाठी आहे. त्याची बांधाशी गल्लत करू नका.

मुरूम_माती

आता प्रत्यक्ष कामाचं. तुमच्या मापानं पाया येतो १५ मीटर, म्हणजे छेद २७ चौरस मीटर. ४० मीटरला १०८० घनमीटर दाबलेली माती. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) ३८२. मोकळी माती दाबल्यावर बसते, म्हणून २५ टक्के जादा धरा, ४७५ च्या आसपास. ३ ब्रासचा टिपर धरला तर १६० खेपा. हा आकडा आधी माहीत असला की कुणी ६० खेपांत 'काम पूर्ण' म्हणालं तर लगेच कळतं. शिवाय फुटलेल्या जागी पाण्यानं डोह पाडलेला असतो, त्याचं भरण वेगळं मोजायचं.

सगळ्यात मोठी चूक: शेजारच्या रानातली काळी माती जेसीबीनं ओढून ढीग मारणे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हातभर खोल. जूनच्या पहिल्या पावसात भेगा वरून मिटल्यासारख्या दिसतात, आतून पोकळ राहतात. पूर आला की पाणी तिथून शिरतं. काळी माती टाकूनच द्यायची असं नाही. ती बांधाच्या पोटात गाभा म्हणून उत्तम, पाणी अडवते. तिच्या दोन्ही अंगांना आणि माथ्यावर मुरमाचं कवच पाहिजे, म्हणजे ती सुकत नाही.

क्रम असा. डोहातला गाळ आणि पाणी काढून टणक थर किंवा मुरूम लागेपर्यंत खोदा. गाभ्याखाली चर घ्या. जुन्या बांधाची दोन्ही तुटकी टोकं सरळ उभी कापू नका, पायऱ्या पाडा, म्हणजे नवी माती जुनीत गुंतते. पुन्हा फुटतं ते बहुतेक वेळा याच सांध्यावर. मग २० ते २५ सेंटिमीटरचा मोकळा थर, पाणी, रोलर. ओलावा किती? मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये. टिपरच्या चाकांनी दबली असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका, चाकं एकाच ओळीतून जातात. दर थराची घनता तपासून अहवाल मोजमाप पुस्तिकेला जोडायला लावा.

नदीकडच्या अंगाला पिचिंग करायचं असेल तर आधी पायथा. पिचिंगचे दगड वरून निघत नाहीत. पायथा खरवडला जातो आणि वरचं सगळं घसरून खाली येतं. १५ सेंटिमीटर वाळू-खडीची गाळणी, त्यावर ३० सेंटिमीटर दगड, आणि पायथ्याशी नदीच्या बाजूला सैल दगडांचा पट्टा, रुंदी अपेक्षित खरवडीच्या दीडपट. खरवड झाली की तो पट्टा खाली बसतो आणि पायथा झाकतो. गॅबियन जाळीत (तारेच्या पेटीत) गोटे जाळीच्या भोकापेक्षा मोठे हवेत, हातानं रचलेले. मशीननं ओतलेले नकोत.

सीनाकाठ

सविस्तर दिलंत, आभारी आहे. दोन उपप्रश्न. बांध रोहयोतून करता येईल का? आणि बंधाऱ्याचा खांदा तुटला, त्यात पाणी अडवायची लोखंडी दारं पावसाळ्याआधी न काढण्याचा संबंध किती?

जुना_ओव्हरसियर

रोहयोत मजुरी ६०, साहित्य ४० आणि मशीन नको. मातीकाम मजुरीत बसतं म्हणून कागदावर सोपं दिसतं, पण रोलरशिवाय ३ मीटर उंचीचा बांध दाबला जात नाही. न दाबलेला बांध पुरात अर्धा दिवस धरतो आणि एकदम सुटतो. बांध नसता तर पाणी हळू चढलं असतं, लोक निघाले असते. रोहयोतून झाडतोड, चर, गवत लावणं ही कामं घ्या.

दारांचा संबंध बराच आहे. खालची दारं अडकून राहिली की त्यांना ऊस, झाडं, कडबा येऊन तटतो. मोऱ्या बंद होतात, वरच्या अंगाला पाणी चढतं आणि सगळ्यात कच्ची जागा शोधतं. ती म्हणजे मातीचा खांदा. काँक्रीट तसंच उभं राहतं, नदी बाजूनं जाते.

नियम असा की दारं पावसाळ्यापूर्वी काढायची आणि १५ ऑक्टोबरनंतर टाकायची. पण आपल्याकडे खरा पाऊस परतीचा. २०२० साली पूर आला तोच १४-१५ ऑक्टोबरला. म्हणून तारखेकडे बघून दारं टाकू नका, वरच्या धरणांचा विसर्ग आणि अंदाज बघून टाका. अडचण वेगळीच असते: जोडकालव्यातून उजनीचं पाणी सीनेत सोडलं की ते अडवायची घाई होते आणि दारं काढू देत नाहीत. ती कुठं ठेवली, किती आहेत, रबर सील कितीचं खराब आहे याची यादी पाणी वापर संस्थेकडे असू द्या. लोखंडी दारं उघड्यावर ठेवली की पुढच्या हंगामाला मोजून कमी भरतात, हे सांगायला नको.

खांदा नुसता मातीनं भरू नका. काँक्रीटच्या टोकापासून काठाच्या टणक मातीत शिरणारी भिंत घ्या, मग दोन्हीकडे दाबून भराव, वरच्या आणि खालच्या अंगाला पिचिंग. भिंत काठात शिरली नाही तर पाणी तिच्या टोकाला वळसा घालून पुन्हा तीच वाट धरतं.

संगमाकडचा

एक मुद्दा सुटतोय. बांध आहे तिथंच पुन्हा उभा करायचा का? निळी पूररेषा काढली जाते ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यातली जी मोठी ती. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. बांध निळ्या रेषेच्या आत, पात्राला चिकटून असेल तर तो पाणी अडवत नाही, समोरच्या गावात ढकलतो. समोरच्यांनी मग त्यांचा बांध उंच केला की तुमचा पुन्हा फुटणार. ही शर्यत कुठल्याच नदीवर कुणी जिंकलेली नाही.

खाली हत्तरसंग-कुडलच्या संगमावर भीमा फुगली असली की सीनेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. त्या वेळी पाण्याला वेग कमी आणि मुक्काम जास्त, दोन-दोन दिवस. बांधाला धडकेपेक्षा हा मुक्काम वाईट, कारण माती पूर्ण भिजते.

जागा मिळत असेल तर फुटलेला तुकडा ३०-४० मीटर मागं घेऊन वळसा द्या. डोह टाळता येतो, त्याचं भरण वाचतं, नदीला जागा मिळते. खातेदाराची जमीन जाते हे खरं, म्हणून ही गोष्ट अंदाजपत्रक होण्याआधी ठरवायची.

सीनाकाठ

मागं घ्यायला गायरानाचा पट्टा आहे, बघतो. वार्षिक देखभालीला साधारण काय काय लागेल?

मुरूम_माती

गायरान असेल तर काम निम्मं सोपं झालं.

एप्रिल-मे: वेडी बाभूळ मुळासकट. नुसती वरून तोडली तर दुप्पट फुटते, आणि तोडून मूळ आत कुजलं तर बांधात आडवी नळी तयार होते. मूळ काढलेला खड्डा ओल्या मातीनं थराथरानं ठासायचा. मोठ्या खोडाला पाऊस तोंडावर असताना हात लावू नका. घुशींची आणि खेकड्यांची बिळं चिकणमातीचा पातळ काला ओतून भरा, तोंडाला ढेकूळ लावून उपयोग नाही. २०१९ ला तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवरून राज्यभर चेष्टा झाली, पण बिळं असतात आणि ती भरायची असतात. माथ्यावर बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात, तिथं मुरूम. ३०० मीटरला साल १५-२० ब्रास धरून चाला. उतारावर हरळी लावा, झाड नको.

जूनपर्यंत साठा: ६०० रिकाम्या गोण्या, वाळू, थोडी खडी. ६०० का, तर ५० मीटर लांबीला खाली तीन, मधे दोन, वर एक अशा ओळी रचायला एका ओळीला १०० गोण्या लागतात. उंची मिळते फूटभर. गोणी दोन तृतीयांश भरायची, तट्ट भरलेली बसत नाही, फटी राहतात.

पुरात: बांधाच्या गावाकडच्या पायथ्याला पाणी पाझरलं आणि स्वच्छ असलं तर लक्ष ठेवा. गढूळ झालं, वाळू उकळल्यासारखी वर यायला लागली, तर आतली माती निघतेय. तोंड बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्याच्याभोवती गोण्यांचं कडं करा, आत आधी वाळू, मग बारीक खडी, मग गोटे. पाणी येऊ द्या, माती थांबवा.

लेखाशीर्ष

या सगळ्याचं एक छोटं अंदाजपत्रक करून आत्ताच आराखड्यात घाला, मे महिन्यात आठवलं तर उशीर होतो. मुरमाचं स्वामित्वधन, ब्रासला ६०० रुपये, त्यात धरा, आणि मुरूम उचलण्याआधी तहसीलदारांची परवानगी. मोठ्या दुरुस्तीच्या निविदेत दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं नीट करायची मुदत) किती ते वाचा. त्यात निदान एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे, तोही परतीच्या पावसासकट. काम मार्चमध्ये संपून कालावधी सप्टेंबरला संपत असेल तर सही करण्याआधी हरकत नोंदवा.