ईस्टरची तारीख कायमची ठरवावी का?

शब्दयात्री:
२०२४ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ३१ मार्चला ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, साजरा केला, तेव्हा ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टरपूर्व उपवासकाळ अर्ध्यावरही आला नव्हता. त्यांचा ईस्टर ५ मे रोजी झाला. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौलाने करिंथकरांना लिहिले. ज्या घटनेवर सारा विश्वास उभा आहे, तिचा दिवसच एक नसावा, हे मला खटकते. ब्रिटिश संसदेने १९२८ साली एप्रिलमधील दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार कायद्याने ठरवला होता, मात्र तो कायदा कधी अमलात आला नाही. इतर मंडळ्या राजी असतील तर ठरावीक रविवाराला आपली हरकत नाही, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली सांगितले. मग अडले कुठे?

उत्तररात्र:
अडले ते चंद्रापाशी, आणि तिथेच अडावे असे माझे मत आहे. वसंतसंपातानंतर, म्हणजे चर्चच्या हिशेबी २१ मार्चपासून पुढे, येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा नियम आहे. येशूला क्रुसावर दिले ते वल्हांडण या ज्यू सणाच्या दिवसांत, आणि तो सण ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या पौर्णिमेचा, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून इस्राएल लोकांच्या झालेल्या सुटकेचा. अनेक भाषांत ईस्टरला ‘पास्खा’ म्हणतात, तेही वल्हांडणाचेच नाव.

ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्रीचा जागरणविधी आठवा. दिवे मालवलेल्या चर्चबाहेर विस्तव पेटवतात. नव्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात, धूपाचे पाच खडे त्यात खोचतात, आणि तिच्या ज्योतीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत अंधारे सभागृह हळूहळू उजळते. त्यानंतरच्या वाचनांपैकी काही गाळता येतात, परंतु इस्राएल लोक समुद्र ओलांडून गेले तो बायबलच्या निर्गम पुस्तकातील उतारा कॅथलिक विधीत गाळता येत नाही. मग बाप्तिस्मा होतो, कारण पाण्यातून पार होणे हे मरणातून पार होण्याचे चिन्ह मानले जाते. त्या रात्री पौर्णिमा नुकतीच उलटलेली असते. तारीख ठरवून टाकलीत, तर हा धागा तुटेल आणि उरेल ती निव्वळ सोय.

अंकगणित:
वर्णन सुंदर आहे, पण हिशेब बरोबर नाही. २०२४ साली ज्या वल्हांडणाशी आपण नाते सांगता, तो ईस्टर होऊन तीन आठवडे उलटल्यावर आला! ज्यू पंचांग पाहून दिवस ठरवण्याची रीत तर ३२५ सालच्या निकेया परिषदेनेच बाजूला सारली. शिवाय चर्च मोजते तो चंद्र आकाशातला नसून कोष्टकातला आहे. २०१९ साली वसंतसंपातानंतर काही तासांतच पौर्णिमा झाली, त्यामुळे ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. प्रत्यक्षात तो २१ एप्रिलला आला, कारण कोष्टकाने ती पौर्णिमा २१ मार्चच्या आधीची धरली होती.

उत्तररात्र:
कोष्टक चुकत असेल तर ते दुरुस्त करावे. जेरुसलेमच्या रेखावृत्तावरून खगोलशास्त्राच्या आधारे गणित मांडावे, असा प्रस्ताव १९९७ साली सीरियातील अलेप्पो येथे झालेल्या निरनिराळ्या मंडळ्यांच्या बैठकीत आलाच होता. घड्याळ मागे पडते म्हणून कोणी सूर्य नाकारत नाही.

पायवाट:
दोघांनाही एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचा (आजच्या तुर्कस्तानातील इझमिरचा) वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. त्याच्याकडे निसानच्या चौदाव्या दिवशी, मग वार कोणताही असो, हा सण पाळत. रोमचा बिशप अनिकेत रविवारी पाळत असे. कोणीच कोणाला पटवू शकले नाही, तरीही अनिकेतने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला. दिवस वेगळा असूनही सहभागिता टिकली, यात मला पुनरुत्थानाचा अर्थ अधिक दिसतो.

शब्दयात्री:
ती किती काळ टिकली, तेही सांगा. १९० च्या सुमारास रोमच्याच बिशप विक्टरने याच कारणावरून स्मुर्णा ज्यात होते त्या रोमन आशिया प्रांतातील मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले होते.

पायवाट:
होय, आणि लियोंचा बिशप इरेनियस स्वतः रविवार पाळणारा असूनही विक्टरवर नाराज झाला. विक्टरला लिहिलेल्या पत्रात इरेनियसने पॉलिकार्पच्या त्याच भेटीची आठवण करून दिली होती.