तीन महिने थांबू नका, आजच जा

कंडोम परवा रात्री फाटला आणि आता एचआयव्हीची भीती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. वर उत्तर देणाऱ्या दोघांनी 'तीन महिने थांबून टेस्ट करा' असं सुचवलंय. कृपया थांबू नका. पेप नावाची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. तुमच्या हातात फार वेळ उरलेला नाही. मुंबईतल्या केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरची औषधं देणारं केंद्र) जा. ओपीडी बंद असेल तर अपघात विभागात विचारा. तिथे नाही जमलं तर संसर्गरोगतज्ज्ञाकडे जा, पण आजच. गोळ्या 28 दिवस, एकही न चुकवता.

आता भीतीबद्दल. जोडीदार खरंच एचआयव्हीबाधित असली, तरी योनीसंभोगात पुरुषाला एका वेळी असणारा धोका दहा हजारांत साधारण 4 इतका आहे. ती नियमित औषधं घेत असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नसेल, तर शून्य. (गुदसंभोगात धोका बराच जास्त असतो, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.) चुंबन, ताट, लोकलमधली गर्दी, डास यांतून काही होत नाही. आईजवळ बसायलाही घाबरताय हे वाचून फार वाईट वाटलं. बसा हो, खुशाल बसा.

कालपासूनची कणकण यातली नसावी, लक्षणं सहसा दोन-चार आठवड्यांनी येतात. टेस्ट आज एकदा, पुढच्या तारखा डॉक्टर देतील. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र) ती मोफत होते, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे. रात्री फारच घालमेल झाली तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा.