गाण्यातून मेसेज खरंच पोचतो का? शेतकरी पोराच्या लग्नावर अहिराणी गाणं लिहितोय, मतं द्या

जिनिंगवाला_धरणगाव:
राम राम मंडळी. मी जिनिंगमधे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आहे, कापसाचा सीझन उतरला की हात मोकळे होतात मग यूट्यूबवाल्यांसाठी अहिराणी गाणी लिहितो, पैसे काही खास नाही पण नाद आहे. आतापर्यंत सगळी पोरगी-झुमका-मोटरसायकल टाईप गाणी लिहिली, चालली पण. या वेळी वाटलं जरा विषय घ्यावा. आमच्या गल्लीत तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं किती आहेत ते मोजत बसत नाही, तुमच्या पण गावात तेच असेल. तर मुखडा असा केला:
वावर शे पाच एकर, विहीरले शे पानी,
तरी पोर म्हनस माले जोयजे नोकरीवाला धनी.
(म्हणजे शेत आहे, विहिरीला पाणी आहे, तरी पोरगी म्हणते मला नोकरीवाला नवरा पाहिजे.)
चाल बसली, डेमो ग्रुपवर टाकला. पोरांनी डोक्यावर घेतला, लगेच हळदीला वाजवायला मागताहेत. पण मामाची पोरगी, बीएस्सी करतेय, तिने एवढंच लिहिलं की "दादा यात चूक कोणाची दाखवली तू". आणि प्रोड्युसर तिसरंच म्हणतो, की मेसेज बिसेज काढ, लोक नाचायला येतात प्रवचनाला नाही. तर प्रश्न असा की गाण्यातल्या शब्दांचा लोकांवर खरंच काही परिणाम होतो का, की ढोल वाजला की विषय संपला? आणि होत असेल तर हे गाणं असंच सोडू का?

केळीवाला_रावेर:
असंच सोड. एक शब्द बदलू नको. आमच्याकडे पाहुणे येतात तर घड किती किलोचा पडतो ते कोणी विचारत नाही, पोरगा पुण्यात काय करतो ते विचारतात. मग पोरं काय करतात, लग्नापुरते चाकणला कंपनीत लागतात, बायोडेटावर शेतीच्या वर प्रायव्हेट जॉब लिहितात, आणि लग्न झालं की वर्षाच्या आत परत वावरात. आता सांगा फसवणूक कोणी शिकवली त्यांना? आणि ज्यांना ते पण जमत नाही ते एजंटला पैसे देऊन लांबची पोरगी आणतात, ती दागिने घेऊन चौथ्या दिवशी गायब, अशा बातम्या पेपरात कमी येतात का. हे दुःख कोणीतरी गायला पाहिजे ना भाऊ. मामाच्या पोरीला सांग, मे-जूनमधे वादळात उभी बाग आडवी होते तेव्हा त्या पोराच्या तोंडाकडे पाहून ये एकदा.

कायबी_सांगू_नका:
गाणं गाणं म्हणून ऐका ना राव. सगळ्यात मेसेज कशाला शोधता.

आखाजीची_पोर:
मी मूळची अमळनेरची, सध्या पुण्यात. रावेरवाले दादा, वादळ येतं तेव्हा ती बाग फक्त पोराची आडवी होते का, त्याच्या आईची नाही होत? निंदणी कोण करतं, कापूस वेचायला कोण वाकतं, दुपारच्या उन्हात डोक्यावर भाकरी कोण आणतं. पोरी शेतीला नाही म्हणत नाहीत, आईचं जे झालं त्याला नाही म्हणतात. आईला पाहूनच शिकल्यात त्या.

आणि मेसेजचं म्हणाल तर आपल्याकडच्या बायका कधीपासून मेसेजच गातायत, फक्त त्याला कोणी मेसेज म्हटलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर "आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं" म्हणतो आपण, लहानपणी मजा म्हणून म्हणायचो, पण मोठ्या बायका त्याच चालीवर पुढे पुढे काय जोडत जायच्या ते ऐकलंय का कधी? सासऱ्याने न्यायला आलेल्या भावाला दारातूनच परत पाठवलं, सासूने घट्टीजवळून (जात्याजवळून) उठू दिलं नाही, बापाने लांब दिली, सगळं नावानिशी. ते ती घरात बोलली असती तर मार खाल्ला असता, झोक्यावर गायली तर सगळी आळी मागून ओढते. वरून पुरुष बाजूला पत्ते खेळत बसलेले, त्यांना ऐकू जातं पण काही बोलता येत नाही. यापेक्षा जास्त पोचणं म्हणजे काय असतं मला तरी माहीत नाही.

बहिणाबाईंचंच घ्या. आसोद्याची बाई, लिहिता वाचता येत नव्हतं, तिशीत विधवा झाली, काम करता करता म्हणायची आणि सोपानदेवांनी आणि मावसभावाने उतरवून घेतलं, पुस्तक आलं ती गेल्यावर, १९५२ साली. मग १९६१ च्या मानिनी पिक्चरमुळे घराघरात गेली. आता "अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर" यावर भाकरी थापायचे रील्स बघा किती पडतात, आणि खाली कमेंट काय तर आजकालच्या मुलींनी शिकावं. म्हणजे सोसण्याचा उपदेश करून टाकला त्याचा! पण त्याच बाईचं हे कोणी रीलला लावत नाही:
नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू,
माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ.
कुंकू पुसलेली बाई ज्योतिषाला दारातून हाकलतेय, त्या काळात! आज डिग्रीवाले लोक पत्रिका जुळली नाही म्हणून स्थळ सोडतात आणि मग म्हणतात पोरी मिळत नाहीत. तर माझं मत, तुमच्या गाण्यात पोरगी फक्त नाही म्हणायला येते, का नाही म्हणते ते तिला बोलू द्या. तेवढं तर झोक्यावरच्या गाण्यात पण असतं.

केळीवाला_रावेर:
ताई मुद्दा कळला. आईचं बरोबर बोलल्या. पण पोरगी बोलायला लागली तर हळदीत पोरं नाचतील का, ते सांगा.

डीजेवाला_एरंडोल:
ते मी सांगतो, माझा धंदाच तो आहे. हळदीचं गणित असं, पहिला एक तास बायका, मग जेवणं चालू, पोरं येतात नऊच्या पुढे आणि दहाला बंद करावं लागतं नाहीतर पोलिसांची गाडी. म्हणजे खरं मार्केट एक तासाचं. त्या एका तासात कडवं कोणी ऐकत नाही, हे लिहून ठेवा. नंदुरबार साईडला सुपारी असली की टिमली आणि पावरी, म्हणजे आदिवासी नाचाचं संगीत, लावतो, त्यात शब्द नावालाच, तरी लोक घामाघूम. माणूस नाचताना फक्त मुखडा तोंडाने म्हणतो, दोन ओळी, त्या पण दुसऱ्यांदा आल्यावर. तुमचा सगळा मेसेज दुसऱ्या कडव्यात असला तर तो मेमरी कार्डातच राहिला समजा, कारण मी स्वतःच तिथे पुढचं गाणं मिक्स करतो.

पण प्रोड्युसरचं मेसेज चालत नाही हे साफ खोटं. १४ एप्रिलला माझ्या गाडीमागे या. दिवसभर भीमगीतं वाजतात, त्यात शिक्षण आहे, संविधान आहे, पाणी आहे, आणि पब्लिक अशी नाचते की हळद झक मारते. पोरांना शब्द न शब्द पाठ. जुनी गाणी नवीन बीटवर केलेली असतात, बेस मी वाढवतो पण आवाज मूळ गायकाचाच ठेवतो, कारण तो काढला तर लोक येऊन भांडतात. मग तीच पोरं बाकी लग्नात पोरीच्या कमरेवरच्या गाण्यावर पण नाचतात, ते पण खरं. का तसं होतं ते मास्तर लोकांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर_शहादा:
सांगतो. डीजेवाले भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. १४ एप्रिलची पब्लिक गाणं ऐकून तयार झालेली नाही, तयार झालेल्या पब्लिकने गाणं उचललेलं आहे. आधी सत्यशोधकांचे जलसे झाले, मग आंबेडकरी जलसे झाले, मग वामनदादा कर्डकांसारखा माणूस, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, खेडोपाडी फिरला आणि टाटा-बिर्लाकडे आमचा वाटा कुठंय असं भर सभेत गाऊन विचारलं. हे सगळं नुसतं स्टुडिओत बसून झालं नाही. चळवळ चालती होती, तिच्यासोबत गाणं चालत होतं.

आमच्या भागातलं सांगतो, फार लोकांना माहीत नसतं. तळोदा तालुक्यात मोरवड म्हणून गाव आहे, तिथे १९३७ च्या सुमारास गुलाम महाराज म्हणून आदिवासी शेतमजूर माणूस उभा राहिला. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने आप म्हणा, म्हणून तो आप पंथ. हे सांगायचं साधन काय तर आरती. आरतीला डोंगरातून हजारोंनी माणसं जमायची, आणि गावंच्या गावं दारू सोडून बसली. लोक शहाणे व्हायला लागले म्हटल्यावर दारूवाले आणि सावकार बिथरले, यात नवल नाही. आता बघा, दारूबंदीवर सरकारी पथनाट्यातली गाणी मी शाळेत किती बसवली असतील, एकाने तरी ग्लास खाली ठेवला का? शब्द तेच होते हो. पण आरती म्हणणारा माणूस उद्या सकाळी शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणार होता, आमच्या पथनाट्याची पोरं गाडीत बसून निघून जायची.

साने गुरुजींचं पण तेच. अमळनेरला मास्तर, "आता उठवू सारे रान, आता पेटवू सारे रान" लिहिलं, पण शेतसाऱ्यासाठी स्वतः पूर्व खानदेशात पायपीट केली म्हणून शेतकऱ्यांनी ते तोंडात घेतलं. आज गॅदरिंगला म्हणतात ते, छान म्हणतात, पेटत काही नाही.

तेव्हा जिनिंगवाले भाऊ, तुमचं गाणं कोण उचलणार ते आधी बघा. आताचा मुखडा चिडलेली पोरं उचलणार, आणि पोरी माजल्या एवढंच त्यातून घेणार, तुमच्या मनात ते असो नसो. पोरीचं बोलणं आलं तर कदाचित आया उचलतील. जमिनीचा धागा धरा असं सुचवतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती म्हणून कार्यक्रम घेतला होता, नवऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. कितीतरी गावांनी केलं. त्याआधी १९८६ ला चांदवडला बायकांचं अधिवेशन झालं, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून बाया गेल्या होत्या. विषय जुना आहे, गाण्यात मात्र अजून रिकामी जागा आहे.

कायबी_सांगू_नका:
मास्तर तास संपला का? मस्करी. चांदवडला माझी आजी गेली होती, घरी न सांगता.

आखाजीची_पोर:
मास्तर, सातबाऱ्याचं भारी सुचवलंत. मला स्थळं येतात त्यात पोराला किती एकर ते मोठ्या अक्षरात असतं. ती एकरं कोणाच्या नावावर विचारलं की पाहुण्यांचा चहा थंड होतो. बापाच्या नावावर, बाप म्हणतो आम्ही मेल्यावर बघू. म्हणजे पोराच्याच हातात काही नाही, तो माझ्यासाठी काय करणार बिचारा.

केळीवाला_रावेर:
हे मात्र शंभर टक्के. चाळिशी आली तरी पाटपाणी बापाला विचारून. पीक कर्ज पण बापाच्या सहीने.

जिनिंगवाला_धरणगाव:
सगळ्यांचे आभार, खरंच. रात्री बसलो आणि दोघांचं गाणं करून टाकलं. पोराचा मुखडा तसाच ठेवला, तो काढला तर पोरं माझ्या घरावर येतील. पण डीजेवाले भाऊ म्हणाले तसं पोरीला कडव्यात न टाकता मुखड्यातच आणली, त्याच्या दोन ओळी की लगेच तिच्या दोन:
सातबारावर नाव टाक मनं, मंग वावरमा ईसु,
नहीते निंदनीनी मजुरी रोजनी रोज लिसु.
(म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव टाक, मग शेतात येईन, नाहीतर निंदणीची मजुरी रोजची रोज घेईन.)
मामाच्या पोरीला पाठवलं तर तिने उत्तर नाही दिलं, स्टेटसला ठेवलं. प्रोड्युसर म्हणतो बाईचा आवाज घ्यायचा तर खर्च वाढेल, वर म्हणतो सातबारा शब्द रोमँटिक नाही. आता हिरोईनला झुमका घालून तलाठी ऑफिससमोर नाचवायचं का असं विचारतोय, मी म्हटलं नाचव, हरकत काय.

केळीवाला_रावेर:
लिसु ला तर आमच्या बापाची चांगली फजिती होईल. पाठव मला, आमच्या ग्रुपवर टाकतो. मजुरी चालू रेटने मागते का पण ती, तो पण खुलासा कर.

निवृत्त_मास्तर_शहादा:
चाल आखाजीच्या गाण्याला जवळची घेता आली तर बघा. बायकांना शिकवावी लागणार नाही, ऐकल्या ऐकल्या मागून ओढतील.

डीजेवाला_एरंडोल:
मास्तरांची आयडिया जबरी, फक्त स्पीड वाढवा, झोक्याच्या स्पीडला हळद झोपेल. आणि सुरवातीला ते बासरी, पक्षी, बैलाच्या घंटा असलं लांबड लावू नका, लगेच ढोल येऊ द्या. पोरीची ओळ येते तिथे बीट एकदम तोडा, नुसती हलगी आणि तिचा आवाज, मग परत बेस. तिथे सगळे थांबून ऐकतात, मी रोज बघतो. फायनल झालं की एमपीथ्री नको, मोठी फाईल पाठवा, २८ तारखेला पारोळ्याला हळद आहे तिथे लावून बघतो, बायकांच्या तासाला.