रागाची गोळी करून रुग्णाला देता येते का?

दादरचा फिजिओ

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर 'राग ऐका, रोग घालवा' असा एक तक्ता आला आणि दोन दिवसांत तोच तक्ता चार नातेवाइकांकडून माझ्याकडे पुन्हा आला. मधुमेहावर दरबारी कानडा, सांधेदुखीवर भैरवी, रक्तदाबावर तोडी, आणि रोज सकाळी वीस मिनिटे ऐकल्यास औषधे हळूहळू बंद करता येतील असे आश्वासन. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो आहे, कारण ते वाचून माझ्या एका शेजाऱ्यांनी इन्सुलिनचा डोस आपल्या मनानेच कमी केला.

संगीताचा उपचारात उपयोग होत नाही असे मी म्हणत नाही. बावीस वर्षे मी पार्किन्सनच्या रुग्णांबरोबर काम करतो आहे. माझ्याकडे येणारे एक आजोबा दाराच्या उंबरठ्यापाशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळतात. नुसते 'चला' म्हणून ते हलत नाहीत. पण मी मागे उभा राहून त्यांच्या नेहमीच्या चालीच्या गतीने टाळ्या वाजवू लागलो की तिसऱ्या-चौथ्या टाळीला त्यांचे पाऊल उचलले जाते. मेंदूतील बेसल गँग्लियाकडून मिळणारा आतला ठेका अशा रुग्णांत बिघडलेला असतो आणि कानावाटे आलेला ठेका त्याची जागा घेतो. संगीत आणि मेंदूचे संशोधक मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा रुग्णांना तीन आठवडे घरच्या घरी ठेक्यावर चालण्याचा सराव दिला, तेव्हा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. तिथे कोणता राग होता हे कुणी विचारले नाही. रुग्णाची मूळ गती किती, ती कितीने वाढवायची आणि तीन आठवड्यांनी काय मोजायचे हे आधी ठरले होते, म्हणून मी त्याला उपचार म्हणतो.

याच निकषावर ऑटिझमसाठी संगीतोपचाराची मोठी चाचणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नऊ देशांतील ३६४ मुले होती आणि काहीही फरक पडला नाही. पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

पार्ल्याची गानशिक्षिका

दरबारी हा रात्रीचा राग सकाळी ऐकायला सांगणाऱ्या माणसाला गाण्यातले काही कळत नाही, एवढे मी मान्य करते. परंतु तुम्ही त्या तक्त्यावरचा राग संपूर्ण रागसंगीतावर काढला आहे आणि संगीत म्हणजे केवळ टाळ्यांचा ठोका असे ठरवून टाकले आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिताना पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्ती, म्हणजे देहाची घडण, सांगितली; त्याच्या घराण्यात वैद्यकी होती. शरीर आणि स्वर यांचे नाते आपल्याकडे तेराव्या शतकात मांडले गेले होते.

माझी आई अतिदक्षता विभागात असताना मी तिच्या कानाशी पुरिया गुणगुणत असे. मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा ११८ होता, पंधरा मिनिटांत तो ९६ वर आला, आणि परिचारिकेनेही तो पाहिला. पंडित ओंकारनाथ ठाकूरांनी मुसोलिनीला पुरिया ऐकवून झोपवल्याची हकिगत तुम्ही ऐकली असेलच. ज्या चाचण्यांमध्ये राग वापरलाच गेला नाही, त्यांच्या आधारे रागाला खोटे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

दादरचा फिजिओ

शार्ङ्गदेवाच्या त्या प्रकरणात देह कसा घडतो आणि नाद शरीरात कुठून उमटतो हे आहे; रागांबरोबर येतात त्या रस, देवता, ऋतू आणि वेळ. रसावरून रोगावर मारलेली उडी नंतरची आहे. ज्या दरबारीचा तक्त्यात मधुमेहाशी संबंध जोडला आहे, तो तर तानसेनाच्या नावाने सांगितला जातो, म्हणजे शार्ङ्गदेवानंतर तीनशे वर्षांनी. मुसोलिनीची हकिगत अक्षरशः खरी मानली तरी एका माणसाला एका रात्री झोप लागली, एवढेच त्यातून कळते.

तुमच्या आईंचा आकडा खाली आला यावर माझा विश्वास आहे. परंतु तो पुरियाने आला की मुलीच्या आवाजाने, हे तुम्ही कसे ठरवले? तुम्ही तिथे अंगाई म्हटली असती तर तो ११८ वरच राहिला असता का?

मुलुंडची आई

गानशिक्षिकांशी तुमचे जे काही चालले आहे ते चालू द्या. मला तुमच्या पहिल्या लेखातील शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचे आहे. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. प्रथम आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी शनिवार-रविवारच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले होते. ते तासाला पंधराशे रुपये घेत आणि मोठ्या स्पीकरवर बासरी लावून देत. मुलगा कान झाकून टेबलाखाली जाऊन बसे, आणि 'सवय होईल' असे आम्हाला आठ महिने सांगितले गेले. स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक असेल तर १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली त्याची नोंदणी तपासता येते. संगीतोपचारकासाठी तिथे स्वतंत्र वर्गच नाही. ब्रिटनमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावणे बेकायदा आहे, आणि आपल्याकडे कीबोर्ड वाजवता येणारा कोणीही ते लावू शकतो. यावर तुम्ही एक ओळ तरी लिहायला हवी होती.

दुसऱ्या बाई ब्रिटनमध्ये रीतसर शिकून आलेल्या होत्या. पहिले तीन आठवडे त्यांनी आपणहून काही वाजवलेच नाही. मुलगा डब्याच्या झाकणावर दोनदा वाजवी, त्या डफावर दोनदा वाजवून थांबत. चौथ्या आठवड्यात त्याने दोनदा वाजवले आणि त्या मुद्दाम गप्प बसल्या. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि झाकण त्यांच्या दिशेने सरकवले. पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून घडवलेली ही पद्धत आहे: मूल जे वाजवील त्याला संगीतानेच उत्तर द्यायचे. तुमच्या ३६४ मुलांच्या सरासरीत ते सरकवलेले झाकण मला दाखवा.

दादरचा फिजिओ

ते वाक्य मी मागे घेतो. ती चाचणी सामाजिक लक्षणांची तीव्रता मोजणारी होती आणि त्यात पाच महिन्यांनी लक्षणीय फरक दिसला नाही, इतकेच मला म्हणता येते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ सालच्या आढाव्यात २६ अभ्यास आणि ११६५ जण होते. त्यात एकूण सुधारणा आणि जीवनमान यांबाबत फायदा संभवतो असे दिसले, सामाजिक संवादात मात्र उपचार संपताना स्पष्ट फरक आढळला नाही. 'काहीही फरक पडला नाही' असे लिहिणे चूक होते, आणि पैशांचा सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता. तरीही, पंधराशे रुपये घेऊन बासरी लावणाऱ्याला अडवायचे असेल तर शेवटी मोजमापच लागेल, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही.

लालबागचा भजनी

रागाबद्दल एवढे वाचले, पण आजाऱ्याला कोणते संगीत आपले वाटते हे कुणी विचारलेले दिसत नाही. माझे वडील गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर रखवालदारी केली, आणि चाळीच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे टाळ धरला. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा गेली. रुग्णालयात 'म्युझिक थेरपी' म्हणून त्यांच्या खाटेशी सतार लावत; ते भिंतीकडे तोंड करत. मंडळातले त्यांचे मित्र भेटायला आले, त्यांनी हळू आवाजात 'जय जय राम कृष्ण हरी' धरले, आणि ज्या माणसाला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते तो शब्द न चुकता म्हणू लागला.

घरी आणल्यावर मात्र फार वाईट दिवस आले. अभंग येतो आणि पाणी मागता येत नाही, हे पाहून शेजारी म्हणू लागले की म्हातारा नाटक करतो. माझी आईही एकदा त्यांना तसे बोलली आणि मग रडली.

पार्ल्याची गानशिक्षिका

वडिलांना आराम पडो. परंतु भजन आयुष्यभराच्या सवयीने तोंडात बसलेले असते. ते स्मरण आहे, त्यात स्वराचा परिणाम शोधू नये. स्वरशुद्धी नसलेल्या गायनाला संगीतोपचार म्हणू लागलो तर या विषयाला काही पायाच उरणार नाही.

लालबागचा भजनी

आमच्या मंडळाची स्वरशुद्धी तपासायला तुम्ही कधी आला होता? तुमच्या आईच्या कानाशी तुम्ही गुणगुणलात तो उपचार, आणि माझ्या वडिलांच्या मित्रांनी म्हटले ती सवय? पार्ल्यात आणि लालबागात मेंदू निराळे असतात असे तुम्हाला म्हणायचे असेल तर तसे स्पष्ट लिहा.

वांद्र्याची स्पीच थेरपिस्ट

गानशिक्षिकांनी वापरलेले शब्द मला आवडले नाहीत, पण अर्धी गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. पाठ असलेली पदे, आकडे, शिव्या, देवाचे नाव ही घडीव भाषा असते आणि डाव्या मेंदूला इजा झाली तरी ती बरेचदा शाबूत राहते. तुमचे वडील नाटक करत नव्हते. अभंग म्हणणे आणि पाणी मागणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. शेजाऱ्यांना हे जरूर सांगा.

उरलेली अर्धी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. १९७३ साली बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी सुरावर वाक्य बांधून बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली आणि सर्वांना वाटले की सूरच वाचा परत आणतो. २०११ साली जर्मनीत अशा १७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सुरापेक्षा ठेका आणि शब्दांचा ओळखीचेपणा यांचाच आधार अधिक दिसला. तेव्हा सतारीपेक्षा तुमचा भजनी ठेका उपयोगी पडला असेल तर मला नवल वाटणार नाही. माझ्या मते हे वाचोपचाराचे काम आहे आणि त्याला संगीतोपचार म्हणू नये, पण तो वाद पुन्हा कधीतरी करू.

लालबागचा भजनी

आता 'पाणी दे' आणि 'उठव मला' एवढे येते. आम्ही त्यांच्या डाव्या हातात चिपळी देतो आणि 'पाणी दे' अभंगाच्या चालीत बसवून म्हणवून घेतो. कधी कधी ते मध्येच 'पाणी' सोडून सरळ अभंगावर जातात.

वांद्र्याची स्पीच थेरपिस्ट

चिपळी काढून घ्या आणि अभंगाची चालही सोडा. ती कानावर आली की त्यांची वाचा ओळखीच्या वाटेने जाणारच. त्यांचा डावा तळहात त्यांच्याच मांडीवर ठेवा, तुम्ही तो हलकेच उचलून दर अक्षराला एकदा टेकवा, आणि 'पा-णी-दे' फक्त दोन स्वरांत, एक वर आणि एक खाली, अगदी सावकाश म्हणा. आधी तुम्ही आणि ते मिळून म्हणा, मग शेवटच्या अक्षराला तुम्ही गप्प राहा. ते जमले की 'काय हवे?' असे विचारा आणि थांबा. लगेच दुसऱ्यांदा विचारू नका. मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत त्यांना वेळ द्या.